जावळ होईपर्यंत

गोळी शिवकन्येच्या तळहातावर होती. घामानं तिचा गुलाबी रंग हाताला लागला होता. पाण्याची बाटली सासूच्या हातात होती.

"घे बाई," वत्सलाबाई म्हणाल्या.

"न्हाई, आत्याबाई."

अंबाजोगाईच्या दवाखान्याच्या आवारात, लिंबाखालच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. शिवकन्येच्या मांडीवर तिची तेरा महिन्यांची लेक होती. लेक रडत नव्हती. हसतही नव्हती. दिवाळीत ती बसायला लागली होती, भिंतीवरची पाल बघून खिदळायची. आता मान एका बाजूला कलली होती. बोटं बारीक थरथरत होती. बोटांची पेरं काळवंडली होती, जावळ विरळ होऊन तांबूस झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तासाभरापूर्वी सगळं समजावून सांगितलं होतं. बाळाला एक जीवनसत्त्व कमी पडलंय, बी-बारा म्हणतात त्याला. ते भाकरीत नसतं, डाळीत नसतं, पालेभाजीतही नसतं. दूध-दही, अंडी, मटण यांतून मिळतं, नाहीतर गोळीतून किंवा सुईतून. घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ, त्यामुळं अंडी-मटणाचा प्रश्नच नव्हता. "पण दूध तर घेता ना?" त्यांनी विचारलं होतं. शिवकन्येनं नाही म्हणून मान हलवली. पावणेदोन वर्षं तिनं दूध, दही, ताक, तूप, काहीच तोंडात घातलं नव्हतं. आणि घरी दोन दुभत्या म्हशी होत्या.

नवस होता. लग्नाला सात वर्षं झाली होती, दोनदा दिवस राहून गेले होते. तिसऱ्या वेळी वत्सलाबाई एकट्याच ओढ्याकाठच्या सटवाईला जाऊन आल्या. मग एका सकाळी सुनेला म्हणाल्या, "हे लेकरू जगलं तर जावळ होईपर्यंत त्याच्या आईनं दूधदुभतं तोंडाला लावायचं न्हाई." शिवकन्येनं त्याच वेळी समोरची ताकाची वाटी बाजूला सारली. तेव्हापासून ती धारा काढायची, विरजण लावायची, लोणी काढायची. बोट कधी चाटलं नाही.

लेकीला सुई दिली होती. "पण बाळ अजून अंगावरच पितंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "तुमच्यात असेल तर तिला मिळेल. रोज एक गोळी घ्या. चुकवू नका." आणि साध्या बाईला नीट कळावं म्हणून पुढं बोलल्या, "दुधात जे असतं ना, तेच या गोळीत आहे."

तिथंच सगळं बिनसलं.

"दुधातलंच हाय म्हणल्यावर दूधच झालं की," शिवकन्या म्हणाली.

"आगं, कारखान्यात करत्यात ती. म्हशीचा काय संबंध?"

"ते सटवाईला कळतंय. जावळ पुनवेला हाय, आठरा दिस राह्यले. आता मोडला आन् पोरीला काई झालं तर?"

"पोरीला झालंय की गं!" वत्सलाबाईंचा आवाज फाटला.

"मंग ह्याच्याहून जास्ती काय होतंय, ते न्हाई बघायचं मला."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला सुंदरबाई नावाची एक ऊसतोड म्हातारी पायाला पट्टी बांधून बसली होती. ती म्हणाली, "एवढीशी गोळी, आन् दोगी तिच्याकडं इच्चवाकडं बघावं तशा बघायलात! आना हिकडं, मी खाते."



परमेश्वर औषधांची पिशवी घेऊन आला. त्यानं बायकोला हात जोडले. मग चिडला. "तू काय डाक्टर हायस का?" मग पुन्हा हात जोडले. शिवकन्या खाली बघत राहिली. "मारा मला," ती म्हणाली, "पर लेकरावरचा नवस मी मोडणार न्हाई." तो जीप आली का बघतो म्हणून फाटकाकडं गेला. जीपला अजून तास होता.

लेकीनं तोंड छातीकडं वळवलं. शिवकन्येनं एका हातानं पदर ओढून तिला पाजायला घेतलं. लेक चोखायची, दमायची, थांबायची. वत्सलाबाई बघत होत्या. एकेका घोटाबरोबर नातीच्या पोटात काय जात नाही, ते आता त्यांना माहीत होतं.

"शिवकन्ये," त्या म्हणाल्या, "मी सटवाईपुढं तुझं नाव घेतलंच नव्हतं."

सुनेनं मान वर केली.

"मी सोडीन म्हणलते. मी. नारळ फोडून, कान धरून बोललते. घरी आले, आन् कोरा चहा घशाखाली उतरंना. डोकं ठणकायचं. लई धीर धरला, तीन दिस. मंग तुला सांगितलं, आईनं सोडायचं म्हणून. वाटलं, घरातल्या कुणीतरी सोडलं म्हंजी झालं." त्यांचे हात मांडीवर पडून होते. "तू कशाला बांधलेली न्हाईस, बाई. घे आता."

सुंदरबाईनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

शिवकन्येनं गोळी तोंडात टाकली. सासूच्या मांडीवरची बाटली उचलून दोन घोट पाणी प्याली. लेकीच्या थरथरत्या बोटांत आपलं बोट दिलं. मग वत्सलाबाईंकडं न बघता विचारलं,

"म्हंजी आत्याबाई, पावणेदोन वर्सं सटवाईचा नवस कुणीच पाळला न्हाई?"