नऊ दिवसांच्या खुणा

बरोबरची खूण ती नेहमी उजवीकडे कलती काढायची. मनगट सुजलेलं असलं की आणखीच कलती. कार्डांच्या मागच्या या खुणा मात्र सरळ होत्या. प्रत्येक खुणेशेजारी तारीख होती, चार ते बारा. अक्षर तिचंच होतं. आणि चार ते बारा ती एकशे तीन तापात अंथरुणाला खिळून होती.

तिने पेटी पुढे ओढली. पुठ्ठ्याची पेटी, आत पाच कप्पे. नव्या भाषेतला शब्द आला की कार्ड पुढच्या कप्प्यात सरकायचं, चुकला की परत पहिल्यात. यंदा आजाराने पुन्हा डोकं वर काढलं त्या दिवशी पहिला कप्पा गच्च होता आणि शेवटचा रिकामा. आता पहिला रिकामा होता.

मराठी बाजू हाताने झाकून तिने एकेक कार्ड पाहिलं. बासष्ट कार्डं. बासष्टही आली. पाठ केल्याचं मात्र काही केल्या आठवेना. आपल्या कपाटात कुणीतरी आपल्याच मापाचे कपडे आणून ठेवावेत, तसं तिला वाटलं.

"आई, माझ्या पेटीला कुणी हात लावला होता?"

समोर आई आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होती. सोमवारचा खण पुरा करूनच तिने मान वर केली.

"कोण लावणार? तूच की. रोज दुपारी टेबलाशी बसायचीस."

"मी?"

"नाही, तुझं भूत!" आई हसली. "अंगात एवढा ताप, आणि बाईसाहेब पाठ ताठ करून बसलेल्या. एरवी बाटलीचं झाकण उघडायला आईला हाका. झोप म्हणून किती सांगितलं. पण ऐकतेस कुणाचं!"

त्या नऊ दिवसांत कूस बदलायलाही तिला आईचा हात लागत होता.

"मग परत कोण निजवायचं मला?"

"कुणी नाही. मी भांडी आवरून येईपर्यंत तू अंथरुणात असायचीस. घामाने निथळत." आईने मंगळवारचा खण उघडला. "ते राहू दे. आधी त्या अर्जावर सही कर. उद्या शेवटची तारीख आहे."

अंतिम परीक्षेचा अर्ज पेटीखाली दबला होता. डॉक्टर सहा महिने बजावत होते की हे शरीर दोन्ही ओझी पेलणार नाही, एक खाली ठेवा. कुठलं ठेवायचं याबद्दल आईच्या मनात शंका नव्हती. पदवीचं शेवटचं वर्ष, चार प्रात्यक्षिकं तेवढी उरलेली. भाषेचा वर्ग ही हौस. मुलगी दर वेळी "बघू" म्हणायची.

"एकदा पदवी पदरात पडू दे," आई म्हणाली, "मग शिक बापडी काय शिकायचं ते."

मुलीने पेन उचललं.

"आई, तेव्हा मी काही बोलायचे?"

"बोलायचीस की, तुझ्या त्या भाषेत. मी पाणी घेऊन आले की माझ्याकडे बघून एकच वाक्य. रोज तेच. नऊ दिवस ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. म्हणून दाखवू?"

आईने घसा खाकरला आणि ते वाक्य म्हटलं. घशातला जो आवाज जमवायला मुलीचे दोन महिने गेले होते, तोसुद्धा बिनचूक.

पाच शब्द होते. पहिला शब्द ‘आई’. क्रियापद भविष्यकाळाचं होतं, आणि भविष्यकाळ वर्गात अजून सुरूही झाला नव्हता. तरी तिला अर्थ कळला.

"पुन्हा म्हण."

शाळेत शाबासकी मिळालेल्या पोरीसारखी आई सरसावून बसली आणि पुन्हा म्हणाली. या खेपेला तो आवाज आईचा वाटेना.

"येतं ना मला? उगाच म्हणतेस, आईला काही कळत नाही." आईने गोळी बुधवारच्या खणात टाकली. "म्हणजे काय गं ते? मला आपलं वाटायचं, पाणी मागतेयस. पेला पुढे केला की घटाघटा प्यायचीस. पाणीच ना?"

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी निभावलं असतं. आई डबीकडे वळली असती, अर्जावर सही झाली असती, आणि ‘बघू’ आणखी वर्षभर चाललं असतं.

मुलीने पेन खाली ठेवलं.

"पाणी नाही," ती म्हणाली. "आई, मी विद्यापीठ सोडणार आहे."