पहिली ओळ

सर्व्हरची डिस्क गच्च भरून वेबसाइट बंद पडली. लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या, जुन्या फाइल्स आपोआप पुसल्या जातील अशी सोय करायचं काम शर्वरी कधीची टाळत होती.

रोज सकाळी सर्व्हर नव्याने सुरू झाला की लॉगमध्ये पहिली ओळ उमटायची, ‘उठलो गं. चहा झाला का?’ शेजारी बसणाऱ्या ओजसने ती गंमत म्हणून कोडमध्ये टाकली होती. अपघातात तो गेला, तरी ती ओळ वाचून शर्वरी रोज पुटपुटायची, “झाला रे.”

“कोडमधली ती ओळही काढ आता,” टीमच्या प्रमुख मॅडम हळूच म्हणाल्या. “किती दिवस धरून ठेवशील?”

तिने ओळ काढली, सोय केली, सर्व्हर सुरू केला. जुन्या फाइल्स नाहीशा झाल्या. मग नव्या, कोऱ्या फाइलमध्ये पहिली ओळ उमटली.

‘उठलो गं. लाइट कोणी बंद केली?’