आदिगुरूंचं आसन

तिसऱ्या दिवशी सकाळी इंचसाहेबांनी टेप गुंडाळली आणि कपाळाला हात लावला. दोन ओढे मिळतात ती जागा सापडली होती. तिथून वर दीडशे पावलं, उजव्या हाताला कडा, तोही होता. फक्त गुहा नव्हती. कडा अखंड होता, उंदराला शिरायलाही फट नाही. मग आदिगुरू बारा वर्षं बसले कुठे?

खालच्या वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या गुराख्याला त्यांनी विचारलं.

"गुहा? इथे?" म्हातारा म्हणाला. "साहेब, सगळा जन्म या डोंगरात गेला. पाऊस आला की म्हशीच्या आडोशाला बसतो मी. गुहा असती तर म्हशीला कशाला त्रास दिला असता?"

इंचसाहेबांनी डायरीत लिहिलं, 'गुहा नाही.' खाली रेघ ओढली.

'इंचसाहेब' हे नाव त्यांना जमीन मोजणी खात्याने दिलेलं. सख्ख्या भावाचं कुंपण त्यांनी नऊ इंच मागे घ्यायला लावलं होतं, तेव्हापासून भावाने बोलणं टाकलं. बायको म्हणायची, "देव समोर उभा राहिला तरी तुम्ही आधी त्याची उंची घ्याल." निवृत्तीनंतर दम्याने बेजार झाले, तेव्हा कुणीतरी त्यांना गुरुजींच्या योगवर्गात नेऊन बसवलं. गुरुजींनी त्यांना अगदी पहिल्यापासून श्वास घ्यायला शिकवलं. दोन वर्षांत दमा आटोक्यात आला. त्या माणसासाठी त्यांनी जीव ओवाळून टाकला असता.

वर्गाच्या सुरुवातीला रोज परंपरेला नमस्कार असे. आधी आदिगुरू, मग त्यांचे शिष्य, मग शिष्यांचे शिष्य, आणि शेवटी गुरुजींचे गुरू. गुरुजी स्वतः पाचवे. आता ते अंथरुणाला खिळले होते आणि सहावा कोण, हे विचारायची कुणाची छाती होत नव्हती.

महिन्यापूर्वी त्यांनी इंचसाहेबांना जवळ बोलावलं होतं. "आदिगुरूंच्या गुहेत त्यांचा बसायचा दगड आहे म्हणतात," ते म्हणाले होते. "तेवढा बघून ये. आपण सगळे कुठून तरी आलोय, एवढं कळलं की मी जायला मोकळा."

परतीच्या बसमध्ये इंचसाहेबांना अन्न गोड लागलं नाही.

दार गुरुजींच्या मुलीने उघडलं. "बरं झालं आलात, काका. सकाळपासून तीनदा विचारलं त्यांनी. डोळे दाराकडे लागलेत."

"ताई, खरं म्हणजे तिथे..."

"मला नका सांगू. त्यांनाच सांगा. डॉक्टर म्हणालेत, आता फार दिवस नाहीत."

खोलीत उन्हाचा पट्टा पलंगावर पडला होता. गुरुजी चादरीत हरवल्यासारखे दिसत होते. इंचसाहेबांना पाहून ते उठायला धडपडले आणि तसेच मागे पडले.

"सापडली?"

इंचसाहेबांनी डायरी काढली, उघडली. स्वतःचंच अक्षर, खाली रेघ. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून कागदाबाहेरचा शब्द गेला नव्हता. त्यांनी गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग डायरी मिटली.

"सापडली, गुरुजी."

"खरंच?"

"अगदी तुम्ही सांगितलं तिथेच. आत गार आहे. अजून कुणीतरी येऊन फुलं ठेवून जातं."

"आणि दगड?"

"आहे. बसून बसून गुळगुळीत झालाय."

"केवढा?"

"तीन फूट," इंचसाहेब म्हणाले. मग सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तीन फूट दोन इंच."

गुरुजींचे डोळे भरून आले. बराच वेळ ते नुसते श्वास घेत राहिले, शिकवायचे तसे, संथ आणि खोल. मग त्यांनी इंचसाहेबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"उद्यापासून वर्ग तू घ्यायचास. माझ्यानंतर गादी तुझी."

"मी? गुरुजी, माझी काय लायकी? तुमचे तीस-तीस वर्षांचे शिष्य आहेत."

"त्या सगळ्यांना तिकडे पाठवून झालं," गुरुजी म्हणाले. त्यांनी इंचसाहेबांना जवळ ओढलं आणि मुलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने कानाशी म्हणाले, "मी माझ्या गुरूंना चार फूट सांगितला होता."