युल्काचं भाषांतर

"पुन्हा तेच आंबट सार! ही बाई आपल्याला जेवायला घालते की आपलं कातडं कमावते?" रीमान वाडग्यात तोंड घालून पुटपुटला. अर्थातच जर्मनमध्ये.

त्याची सासू पेत्रोनेला शेजारीच पाव कापत होती. "काय म्हणतोय गं तुझा बाप?" तिने नातीला पोलिशमध्ये विचारलं.

"बाबा म्हणतात, सार छान झालंय," युल्का म्हणाली.

"त्याला सांग, तुमच्या राजाने आमचा अख्खा मुलूख गिळला नि ढेकरसुद्धा दिली नाही. तुम्हाला एवढंसं सार पचेना होय?"

युल्का वडिलांकडे वळली. "आजी म्हणते, अजून घ्या."

पेत्रोनेला खाली मान घालून हसली. तिला दोन्हीकडचं सगळं कळत होतं. लहानपणी ती तोरुनला एका जर्मन गिरणीवाल्याकडे कामाला होती. त्या घरातल्या शिव्यासुद्धा तिला पाठ होत्या. पण प्रशियाने पोलंडचा हा तुकडा तोडला, त्याला 'नवा पूर्व प्रशिया' असं नाव दिलं, त्या दिवशी तिने जर्मन विसरून टाकली. चार दिवसांचे पाहुणे, त्यांच्यासाठी तोंड कशाला विटाळा! त्यातलाच एक पाहुणा जमिनी मोजायला म्हणून इथे प्वोत्स्कला आला आणि तिच्या लेकीशी, तेओफिलाशी लग्न करून तिच्याच घरात राहिला. तरी ती हटली नाही. त्याला पोलिश येत नव्हतं, तिने जर्मन यायचं सोडून दिलं होतं. मधल्यामध्ये युल्का होती.

माणूस तसा वाईट नव्हता. त्याचे बूट करकरतात म्हणून ती एकदा पोलिशमध्ये करवादली, तर दुसऱ्या दिवशी बुटांना चरबी चोळलेली. तेओफिलाने सांगितलं असणार, असं म्हणून तिने तो विषय संपवला.

आणि आता फ्रेंच फौज नदीच्या बाजूने येत होती. कचेऱ्यांवरचे प्रशियाच्या गरुडाचे फलक उतरले होते. प्रांत म्हणून काही उरलंच नव्हतं. मायदेशी परतायच्या तयारीतल्या कचेरीच्या साहेबांनी आपल्या माणसांना सांगितलं, "ज्यांनी इथल्या बायका केल्यात, त्यांनी हवं तर मागे राहावं. जमीन मोजणारा कुठल्याही राजाला लागतोच." रीमानने ते घरी येऊन सांगितलं. त्यानंतर रोज तो टेबलाशी बसे आणि एकेकाच्या तोंडाकडे बघे. तेओफिला आईकडे बघे. पेत्रोनेला सार वाढे. कोणी तरी काही तरी बोलेल म्हणून तिघंही थांबलेली. शेवटी परवा त्याने साहेबांना शब्द दिला, की येतो.

हे लोक कधी एकदा जातील, म्हणून पेत्रोनेलाने देवळात मेणबत्त्या लावल्या होत्या. लावताना युल्का तिच्या हिशेबातच नव्हती.

सकाळी गाडी अंगणात आली. जेवणाचा वाडगा तसाच टेबलावर ठेवून रीमान उठला. नकाशांच्या पेट्या वर चढल्या. तेओफिला चढली. पेत्रोनेला गाडीतलं गवत सारखं करत राहिली, नातीची शाल पुन्हापुन्हा गुंडाळत राहिली. "पाय झाकून घे. वाटेत थंड दूध पिऊ नकोस." परत केव्हा येणार, हे मात्र कोणी कोणाला विचारलं नाही.

"आजीला सांग, आम्ही निघतो," रीमान लेकीला म्हणाला.

युल्काने आजीकडे बघितलं. तोंड उघडलं. या एका वाक्याचं तिला दुसरं काहीच करता येईना.

पेत्रोनेलाने पुढे होऊन घोड्याचा लगाम धरला. जर्मन शब्द गंजलेल्या साखळीच्या कड्यांसारखे एकेक करत निघाले.

"जाऊ नका. नुसत्या पोरीसाठी नाही म्हणत मी. तुम्हीसुद्धा राहा."

तेओफिलाने तोंडावर हात दाबला. गाडीवान उगाचच चाबकाची दोरी तपासू लागला. रीमानने डोक्यावरची टोपी काढली, थोडा वेळ ती हातात नुसती फिरवली. मग तो बोलला. स्वच्छ पोलिशमध्ये, अगदी प्वोत्स्कच्या हेलात.

"परवापर्यंत म्हणाला असतात तर राहिलो असतो, आई. आणि पोलिशमध्ये म्हणाला असतात, तरी चाललं असतं."