एकुलती एक बस

सामना जिंकल्याचा आनंद पिवळ्या संघाच्या चाहत्यांना बसमध्ये चढेपर्यंतच लाभला. स्टेडियमबाहेर ताटकळून ताटकळून मिळालेली ती एकुलती एक बस पुढच्याच वळणावर धापा टाकून बंद पडली, आणि मागून पराभूत संघाचा निळा जमाव आरडाओरडा करीत धावत येताना दिसला.

"दार लावा हो मास्तर!" कुणीतरी कंडक्टरवर किंचाळले.

मागच्या बाकावर बसलेल्या एका पित्याने लेकीच्या गळ्यातील पिवळा रुमाल घाईघाईने ओढून आपल्या सदऱ्यात कोंबला.

"बाबा, ते आपल्याला मारतील?"

"खाली वाक. अन् अगदी गप्प राहा."

इतक्यात पाठीमागच्या पत्र्यावर धडाधड हात पडू लागले. बस हेलकावली. पित्याने लेकीला छातीशी कवटाळले, डोळे घट्ट मिटले आणि मनोमन देवाचा धावा मांडला.

बसची चाके हळूच पुढे सरकली. मागून एक घोगरा आवाज गरजला, "अहो ड्रायव्हरसाहेब, सेकंड गिअर टाका की! आणि आतल्या विजयी वीरांनो, जरा उतरून हात लावा! घरी जायला आम्हालाही हीच एक बस आहे!"