सहावा चेहरा

समुपदेशक ताई रोज कागद पुढे करायच्या. त्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे. "आजचा तुझा कुठला?" केमो सुरू झाल्यापासून मी कागद कोराच परत द्यायचे. आज फोनवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर महिनाभर न फिरकलेली माझी फुटबॉल टीम. फायनल, शेवटची पेनल्टी, चुकली की संपलं. "कॅप्टन, कोण मारणार?" सरांनी विचारलं. सलाइनची नळी सावरत मी ताडकन उठले. "घुबडीला द्या. त्यांची गोलकीपर डावीकडे झेपावते, उजवीकडे मार म्हणावं." घुबडी माझी जिवलग मैत्रीण. तिनं डावीकडेच मारली. संपलं. "डोळे फुटले का गं?" मी ओरडले, वॉर्ड दचकला. ती रडतच फोनजवळ आली. "तुझ्याशी काय बोलावं कळतच नव्हतं." "संध्याकाळी ये. पुष्कळ शिव्या उरल्यात." मी पाचही चेहऱ्यांवर काट मारली, बोंबलणारा सहावा काढला. "हा कुणाचा?" ताईंनी विचारलं. "कॅप्टनचा."