उतारावरची बचत

सलग तीन वर्षं डेपोतली इंधनबचतीची ढाल त्याच्याच नावावर होती. "काटा पन्नासच्या पुढे गेला, की डिझेल वाऱ्याशी भांडण्यातच संपतं," असं तो नव्या ड्रायव्हरांना सांगे. पण डोंगराच्या उतारावर तो बस न्यूट्रलमध्ये सोडून देतो आणि खरी बचत तिथे होते, हे फक्त त्याच्या कंडक्टरला ठाऊक होतं.

रोज त्या वळणांवर इंजिनाचा आवाज मावळे. चव्वेचाळीस माणसं निर्धास्त पेंगत असत आणि नुसत्या ब्रेकच्या भरवशावर घरंगळणाऱ्या त्या शांततेत कंडक्टर दांडी घट्ट धरून उभा राही. "दादा, गिअरमध्ये असू द्या हो," असं तो एकदा म्हणाला होता.

"उतारागणिक अर्धा लिटर वाचतं. तू तिकिटं फाड."

आजही माथा आला. कंडक्टरने दांडी धरली, श्वास रोखला. पण इंजिन गुरगुरतच राहिलं. दुसऱ्या गिअरमध्ये, बैलाच्या चालीने, बस एकेक वळण उतरत गेली. ड्रायव्हरची पाठ घामाने भिजली होती आणि नजर पुन्हापुन्हा आरशाकडे जात होती. कंडक्टरने वळून पाहिलं. वडिलांच्या बसमध्ये आज पहिल्यांदाच बसलेली ड्रायव्हरची शाळकरी मुलगी तिसऱ्या सीटवर, खिडकीला गाल टेकवून झोपली होती.

पायथा आला तेव्हा कंडक्टरची मूठ सुटली. पुढे झुकून तो हळूच म्हणाला,


"दादा, उद्याही तिला घेऊन या."